बारा आणे दुखणं

“शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आता किती दुखतंय?” तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं. जिभाऊंच्या गालाला आरपार भोक पडलेलं, बोलणं निम्मं कळायचं, निम्मं नाही. त्यांनी बोटांच्या पेरांवर काही हिशेब केला आणि म्हणाले, “बारा आना.” बाईंना वाटलं, पेशंट भ्रमात बोलतोय. त्यांनी कागदावर तसं लिहिलंसुद्धा. मी शेजारीच उभा होतो, मला लगेच उमगलं. जन्मभर कपाशी लावणाऱ्या माणसाच्या हाती मापाची एकच पट्टी होती, ती पिकाच्या आणेवारीची. सोळा आणे म्हणजे शेत भरभरून आलं. त्या दिवशी दुखणं बारा आणे पिकलं होतं.

जिभाऊ म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. गिरणाकाठी चार एकर. तोंडात आधी तंबाखू-चुना, पुढे पुडी. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, पण आमच्या फाट्यावर पुडी मिळाली नाही असा एक दिवस मला आठवत नाही. तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक देऊन झाले, दोन एकर विकून झाले, आणि एप्रिल सरता सरता एका मोठ्या इस्पितळाने सांगितलं, आता घरी न्या, सेवा करा.

या ‘सेवा करा’चा मला राग आहे. सांगणारा वाईट होता म्हणून नव्हे, तो बिचारा दिवसाला शंभर जणांना तेच सांगत असेल. राग यासाठी की ती सेवा कशी करायची, कोणी करायची, कुठल्या पाण्याने, कुठल्या छपराखाली, हे सांगणारं ज्ञान आपल्याकडे कोणी जमवलेलंच नाही. मी पर्यावरणशास्त्र शिकवतो. हवेचे आणि पाण्याचे नमुने घेण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्या सहा-सात आठवड्यांत जिभाऊंच्या खाटेशी बसून मला कळलं की माझा विषय, समाजशास्त्रवाल्यांचा विषय आणि वैद्यकीय कॉलेजातला विषय त्या एकाच खाटेवर पडून होते, आणि तिघांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

म्हणून माझी मागणी अशी: खान्देशातल्या विद्यापीठाने आणि इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी बरं न होणाऱ्या माणसाची घरातली खाट हा संशोधनाचा विषय म्हणून हाती घ्यावा, तिन्ही शाखांनी मिळून घ्यावा, आणि त्यातून निघेल ते आधी त्या घराला द्यावं. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार हटत नसला तरी त्रास हटवणारी, पेशंटबरोबर घरालाही सांभाळणारी वैद्यकशाखा, आपल्याकडे आलीच तर डॉक्टरांच्या पुस्तकातून येते. ती खान्देशच्या उन्हातून, पाण्यातून आणि बोलीतून आली पाहिजे.

उन्हापासून सुरुवात करतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर गेला की पेपरात छापून येतं. तो पारा मोकळ्या जागी, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत नि वाऱ्यावर ठेवलेला असतो. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे, तुलना करायची तर सगळीकडे एकाच पद्धतीने मोजलं पाहिजे. पण जिभाऊंची खाट पत्र्याखाली होती. पत्रा दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती धग खाली सोडायचा. मी कॉलेजातला तापमापक नेऊन खाटेच्या उशाशी टांगला, तर रात्री अकरा वाजतासुद्धा पारा उतरायला तयार नव्हता. लाईट गेली की पंखा बंद. शेतात राबणारा माणूस उठून लिंबाखाली जाईल. नाकात नळी असलेल्या माणसाला कूसही दुसऱ्याने वळवून द्यावी लागते.

आणि इथून पुढची साखळी मला कोणत्याही एका पुस्तकात मिळाली नाही. जिभाऊ मॉर्फिनच्या गोळ्यांवर होते. मॉर्फिन अंगात वापरलं गेलं की त्याचे उरलेले घटक मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. ऊन वाढलं, घाम गेला, नळीतून पाणी पुरेसं गेलं नाही, लघवी कमी झाली, की ते घटक अंगात साठतात. माणूस गुंगीत जातो, बरळतो, झोपेत हात-पाय झटके देतात. घरच्यांना वाटतं, शेवट आला. आम्हालाही तेच वाटलं. दोन दिवस जिभाऊ डोळे उघडेनात, नातेवाइकांना फोन गेले, कोणी गंगाजलाची लोटी काढून ठेवली. तेवढ्यात ओळखीच्या एका नर्सताईने फोनवर दोनच गोष्टी विचारल्या, लघवी किती वेळा झाली आणि खाट कुठे आहे. दुसरा प्रश्न ऐकून मी चमकलो. तिच्या डॉक्टरांना विचारून गोळ्यांची वेळ लांबवली, नळीतून पाणी वाढवलं, खाट उचलून ओसरीत आणली, दाराला ओलं गोणपाट लावलं. तिसऱ्या दिवशी जिभाऊंनी डोळे उघडून चहा मागितला. नळीतून जाणारा चहा, त्याची चवसुद्धा लागत नव्हती, पण त्यांना तो हवा होता.

यात हवामान कुठे संपलं आणि औषधशास्त्र कुठे सुरू झालं, ते मला सांगता यायचं नाही. दुखण्यावर फेंटानिलचे पॅच कातडीला चिकटवतात, त्यांचंही तसंच. अंग तापलं किंवा पॅचला बाहेरून धग लागली की औषध जास्त वेगाने आत जातं, म्हणून उष्णतेपासून जपायची सूचना त्यावर दिलेली असते. ती सूचना खान्देशातल्या पत्र्याच्या खोलीत कशी पाळायची, हा प्रश्न सोडवला तर तो प्रबंधाचा विषय होईल, आणि त्या प्रबंधाने कोणाचा तरी जीव वाचेल.

शेजारच्या अहमदाबादने 2010 च्या मे महिन्यातल्या लाटेनंतर मृत्यूंची मोजणी केली, तेव्हा नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त भरले. त्या धक्क्यातून 2013 साली तिथे उष्णतेचा कृती आराखडा तयार झाला. मोजलं म्हणून झाला. आपल्याकडे लाट आली की ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ अशी दवंडी फिरते. ज्याला घरातच शिजायला होतंय आणि उठताही येत नाही, त्याने या दवंडीचं काय करावं?

पाण्याचंही तेच. मी फळ्यावर लिहितो, जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला 55 लिटर. गालाच्या जखमेला लावलेली फडकी, दिवसातून चारदा बदलायच्या चादरी, भांडी, नळी धुणं, अंग पुसणं, हे त्या 55 लिटरांत धरलेलं नाही. आमच्या गावात नळ आठव्या दिवशी येतो. नळाच्या आदल्या दिवशी वहिनी जिभाऊंची चादर बदलायची टाळत. पाठीला जखम व्हायला तेवढं पुरतं. पाठ फुटली की डॉक्टर लिहितात ‘बेडसोर’. त्याचं मूळ पाणी सोडणाऱ्याच्या वेळापत्रकात आहे, हे केसपेपरावर कुठे येणार?

मग हे आलं कुठे, तर कॅलेंडरवर. आपल्या घरोघरी दुधाचा हिशेब जिथे असतो, त्याच रकान्यांत वहिनी लिहीत होत्या. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. गोळी दिली की उभी रेघ, लाईट गेली की फुली, नळ आला की ‘पाणी’, आणि कोपऱ्यात त्या दिवशीचं दुखणं, आण्यांमध्ये. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नुसता उभा राहिलो. औषध, वीज, पाणी आणि वेदना, एका खाली एक, तारीखवार. तिन्ही विभागांना मिळून इतकी चांगली नोंद आजवर जमलेली नाही. महिना उलटताना त्यांनी मला विचारलं, “भाऊ, हाई फाडी टाकू का?” मी ते पान मागून घेतलं.

आण्यांचा विषय निघालाच आहे तर दुखण्याच्या शब्दांबद्दल बोलतो. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदना मोजायची एक प्रश्नावली मांडली. दुखण्यासाठी वापरले जाणारे शब्द गोळा करून त्यांनी 78 शब्द वीस गटांत लावले, कारण दुखणं किती आहे याइतकंच ते कसं आहे हेही उपचाराला कळावं लागतं. नसेचं दुखणं आगीसारखं लागतं, हाडाचं कुरतडतं, आणि दोन्हींची औषधं वेगळी. आता आपल्या शब्दांकडे बघा. ठणका, कळ, चमक, सल, आग, ठुसठुस, कुरतड, मुंग्या. अहिराणीत जिभाऊ म्हणायचे, “आग व्हस,” आणि रात्री, “ठणका लागस.” हे दोन वेगवेगळे निरोप होते, ऐकणाऱ्याला मात्र एकच ऐकू येत होता. लेवा बोलीत, पावरीत, भिलीत आणखी वेगळे शब्द असतील. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत फिरले आणि 1926 साली धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात उभं आहे. जुन्या कागदासाठी एवढी पायपीट करणाऱ्या माणसाच्या गावात, दुखणाऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द टिपून ठेवण्याची पायपीट कोणी का करू नये? भाषेच्या विद्यार्थ्याला हे काम आहे, आणि त्याने केलेला कोश डॉक्टरच्या टेबलावर गेला पाहिजे.

हे काही मी नवं सांगत नाही. 1967 साली लंडनमध्ये आधुनिक हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसांना सांभाळणारं ठिकाण, उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं तेव्हा इस्पितळात समाजसेविका झाल्या, आणि चाळिशीजवळ पोचल्यावर डॉक्टर. ‘समग्र वेदना’ ही कल्पना त्यांची. शरीराचं दुखणं, मनाचं, घरचं-पैशाचं आणि ‘माझंच असं का’ हे आतलं दुखणं, सगळं एकात गुंफलेलं. एकाच बाईने तीन पेशे केले म्हणून त्यांना ते दिसलं. मला त्यात एक भर घालावीशी वाटते, ती छपराची, पाण्याची, हवेची.

आपल्याच देशात केरळने वाट काढली आहे. कोळिकोडला 1993 मध्ये सुरुवात झाली, पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं गेलं आणि 2008 साली राज्याने त्याचं धोरण केलं. त्याच केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हवेतून एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर बंदी घातली, 2017 मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पण फवारणी थांबली तरी अंथरुणाला खिळलेली मुलं अंथरुणालाच राहिली. विष मोजणारे आणि मूल सांभाळणारे यांना तिथे एकाच अंगणात यावं लागलं. कपाशीच्या मुलखाने हे मनावर घ्यायला हवं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, आणि फवारणीचा पंप आपल्याकडेही घरोघरी आहे.

मॉर्फिनची गोष्ट तर मला रात्री आठवते. अफूची परवान्याची शेती होते ती सातपुड्याच्या पलीकडे, माळव्यात, मंदसौर-नीमचकडे. नीमचला सरकारी कारखाना आहे. दुखणं थांबवणारं हे पीक आपल्या डोंगराच्या पाठीमागे निघतं, आणि आमच्या तालुक्यातल्या एकाही दुकानात गोळी मिळाली नाही. दर पंधरा दिवसांनी मी सहा तासांचा प्रवास करून ती आणत होतो. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं की दुकानदाराने गोळी ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवणं सोपं केलं. गोळी स्वस्त आहे, कायदा मोकळा झालाय, तरी ती खाटेपर्यंत येत नाही. जगात गरज असलेल्यांपैकी जेमतेम 14 टक्के लोकांपर्यंत पॅलिएटिव्ह केअर पोचते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या तीन जिल्ह्यांत गोळी कुठल्या टेबलावर अडते, याचा शोध कोणी प्रशासनशास्त्राचा विद्यार्थी एका वर्षात लावू शकेल.

समाजशास्त्राची खरी कसोटी सातपुड्यात आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात गुजरातेतल्या बारडोलीच्या उसाच्या फडावर अभ्यास केला, तेव्हा तिथे कोयता धरणारे बहुतेक हात खान्देशातून गेलेले होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आजही दिवाळी झाली की नंदुरबारकडची गावं रिकामी होतात, मागे म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात. मग अशा घरात आजा अंथरुणाला खिळला तर सेवा कोणी करायची? नातवाने? ‘आपल्याकडे कुटुंब असतं, परदेशासारखं हॉस्पिस लागत नाही’ असं शहरातले लोक समाधानाने म्हणतात. कुटुंब फडावर आहे. आणि जिथे ते घरी आहे तिथे ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ एक सून किंवा एक बायको. वहिनींची त्या उन्हाळ्यातली निंदणी-खुरपणीची मजुरी बुडाली, ती कुठल्याच खर्चात धरली गेली नाही.

माझ्या या म्हणण्यावर सहकाऱ्यांचे दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही मला मान देण्यासारखे वाटतात.

एक असा, की तीन विषयांची मोट बांधली की एकातही खोली राहत नाही, आणि अशा प्रबंधाला ना गाईड मिळतो ना पुढे नोकरी. हे खरं आहे, मी माझ्याच विद्यार्थ्यांना आजवर अशी वाट धरू नका म्हणून सांगत आलो. पण म्हणून मी एकाच विद्यार्थ्याने तिन्ही करावं असं म्हणत नाही. एक खाट, तीन विद्यार्थी, तीन गाईड, आणि महिन्यातून एकदा त्या घराच्या ओट्यावर बैठक. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. विद्यापीठ 1990 पासून आहे आणि 2018 पासून बहिणाबाईंचं नाव लावतं. अंतर एसटीच्या एका तिकिटाचं आहे. विचाराची परंपरा नाही असंही म्हणता यायचं नाही. 1916 साली प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं, देशभरातले अभ्यासक तिथे येऊन राहिले, साने गुरुजीही तिथे शिकले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते टिपून घेत. आठव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी अंतकाळाची तयारी जन्मभर करावी लागते हे कैद्यांना समजावलं. मरणावर मोकळेपणी बोलायची सवय या मातीला आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. मरणाच्या दारातल्या माणसाला प्रश्न विचारायचे, त्याच्या घरात तापमापक टांगायचे, त्याच्या दुखण्याचे आकडे करायचे, हे माणुसकीला धरून आहे का? मी यावर बराच विचार केला. जिभाऊंच्या उशाशी तापमापक टांगताना मलाच अपराधी वाटलं होतं. त्यांनी विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, किती गरम होतंय ते मोजतोय. ते म्हणाले, मोज, पण आधी पंखा इकडे फिरव.

तोच नियम मला योग्य वाटतो. पहिल्या फेरीत कोणी वही काढू नये. गोळी, जखमेची पूड, ओलं गोणपाट, पाण्याची टाकी, जे लागेल ते आधी पोचवावं, मग घर म्हणालं तर विचारावं. अंगठा घेऊन संमती उरकू नये. पेशंट नको म्हणाला तर गोळ्या बंद होणार नाहीत हे त्याला त्याच्या बोलीत सांगावं. आणि नोंदी ठेवणाऱ्या घरच्या बाईला संशोधनाच्या निधीतून रोज द्यावा, शेतातल्या रोजापेक्षा कमी नको.

असं होऊ शकतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. 39 गावांतलं ते काम 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं तेव्हा तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरलेले होते. गावाची बाई, घरातली सेवा, आणि जगाने मानावं असं मोजमाप, तिन्ही एकत्र. पाळण्याशी जे गडचिरोलीला जमलं ते खाटेशी खान्देशला जमायला हरकत नाही. सुरुवातीला तीन जिल्ह्यांत मिळून तीस घरं पुरेत, आणि सुरुवात मार्चमध्ये व्हावी, म्हणजे मे महिना हातात सापडेल.

जिभाऊ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. कॅलेंडरचं ते पानही माझ्याकडे आहे. शेवटच्या दिवशीच्या रकान्यात सहा उभ्या रेघा आहेत, फुली एकही नाही. कोपऱ्यात वहिनींच्या अक्षरात लिहिलंय: ‘चार आणे. पाणी आलं. रात्री पाऊस.’